ओढ्यातला चपटकृमी नवीन जातीचा आहे हे ठरवायचं कसं? (मदत हवी आहे)

ओलीमाती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

जुन्या सदस्यांना आठवत असेल, मागे मी दगडाखाली सापडलेल्या एका तपकिरी चपट्या जीवाचे फोटो इथे टाकले होते. निम्म्या प्रतिसादांत 'जळू आहे, हात लावू नका' असा सल्ला होता, एकाला ती शंख हरवलेली गोगलगाय वाटली, आणि एका सदस्याने थेट 'नवीन प्रजाती दिसते, आगाऊ अभिनंदन' असं ठोकून दिलं. ते आगाऊ अभिनंदन मी जरा जास्तच मनावर घेतलं. त्याला आता दीड वर्ष झालं आणि हाती काय आहे ते सांगायलाच हा धागा काढतेय.

आधी प्राणी. प्लॅनेरिया, गोड्या पाण्यातला, मोकळा जगणारा चपटकृमी. यकृतकृमी आणि पट्टकृमी यांच्या नात्यातला, पण परजीवी नव्हे. लांबी बारा-तेरा मिलिमीटर, रुंदी दीड. डोकं त्रिकोणी, त्याच्या दोन्ही बाजूंना कानासारखे कोन. ते ऐकायला नाहीत, पाण्यात कुठे काय विरघळलंय याचा माग घ्यायला आहेत. डोळे दोन, प्रत्येकाभोवती रंगहीन जागा आणि काळा ठिपका आतल्या बाजूला, म्हणून चेहरा कायम चकणा. उजेड पडला की दगडाच्या दुसऱ्या बाजूला सटकतो. चालताना अंग हलत नाही, पोटाखालच्या केसलांवर (केसांसारख्या अतिसूक्ष्म तंतूंवर) आणि स्वतःच्याच चिकट स्रावावर तरंगत गेल्यासारखा जातो. तोंड डोक्यावर नाही, पोटाच्या मधोमध. पहिल्यांदा यकृताचा कण टाकला तेव्हा दहा मिनिटांत आठ जण जमले आणि प्रत्येकाच्या पोटातून एक पांढरी नळी बाहेर आली. तो त्यांचा घसा. गुदद्वार नसतं, त्यामुळे खाल्लेल्यातलं नको ते परत तोंडातूनच.

एवढं बघून मला वाटलं, रंग, डोकं, डोळे लिहून काढू, फोटो जोडू, झालं. पण ही सगळी लक्षणं जेमतेम 'ड्युजेसिया' वंशापर्यंत नेतात. त्या वंशात शंभराहून अधिक जाती आहेत आणि वरून बघाल तर बहुतेक सगळ्या तपकिरी आणि त्रिकोणी डोक्याच्या. जाती ओळखायची ती समागमाच्या अवयवांवरून. ते शरीराच्या आत, तोंड आणि शेपटीच्या मधे असतात. म्हणजे किडा मेणात बसवून, त्याचे उभे काप काढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक काप बघत मनातल्या मनात तो अवयव पुन्हा जोडायचा.

पहिली फजिती: सहा किडे सरळ सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये टाकले. सहाच्या सहांची वळकटी झाली, वर शेंबडाचा थर. कापणार काय?

दुसरी फजिती मोठी. रीत शिकून घेतली, चार किडे नीट मारले, एका प्रयोगशाळेत विनवण्या करून मायक्रोटोम, म्हणजे पातळ काप काढायचं यंत्र, मिळवला. दीड मिलिमीटरचा किडा, सहा मायक्रॉनचे काप, म्हणजे एका किड्याचे अडीचशे. चार किड्यांचे हजार. सगळे रंगवले, सगळे बघितले. घसा आहे, आतडं आहे, मज्जारज्जू आहेत. जननेंद्रियं नाहीत. वृषण नाही, अंडाशय नाही, काही म्हणजे काही नाही. माझे किडे अलिंगी निघाले! शेपटी तोडून तोडून वाढणारे.

आता पुढे काय? ज्या किड्याला ओळखीचा अवयवच नाही त्याला नाव द्यायचं कशाच्या जोरावर? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सर्किटबाज

वाचनखूण साठवली. 'मनातल्या मनात अवयव जोडायचा' हे भारी.

विरामचिन्ह

लेख उत्तम. एक दुरुस्ती, धागाकर्तीला नव्हे, त्या अभिनंदनवाल्यांना. स्पीशीज म्हणजे जाती, जीनस म्हणजे वंश. 'प्रजाती' हा शब्द वर्तमानपत्रं स्पीशीजसाठी वापरतात आणि वनस्पतिशास्त्राची मराठी पुस्तकं जीनससाठी. एकाच वाक्यात दोन अर्थ होतात.

सर्किटबाज

@विरामचिन्ह, अभिनंदन मीच केलं होतं. जीनस असो की स्पीशीज, आगाऊच होतं. हलके घ्या.

जुनाट_मायक्रोटोम

ओलीमाती, तुमचं वर्ष फुकट गेलेलं नाही. या प्राण्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात असा कोऱ्या कापांचा एक डबा असतो. माझ्याकडे दोन आहेत.

कापण्याआधी किडा उलटा करून बघायची सवय लावून घ्या. काचेच्या वाटीत पाणी घ्या, किडा पाण्याच्या पृष्ठभागाला खालून चिकटून सरकू लागला की भिंगाखाली पोट दिसतं. तोंडाच्या छिद्रामागे आणखी एक फिकट ठिपका दिसला तर ते जननछिद्र. नसेल तर त्याला मेण दाखवू नका, परत भांड्यात सोडा. तुमच्या चारही किड्यांना हा ठिपका नसणार, पैज लावतो.

अलिंगी समूह कायम अलिंगीच राहतो असं नाही. पाणी कोमट असलं की शेपटी तोडण्याचा वेग वाढतो. गार ठेवलं की तो मंदावतो, आणि काही समूहांत त्याच काळात जननेंद्रियं उगवतात. महिने लागतात. पाणी अंधारात ठेवा, आठवड्यातून एक-दोनदा खाऊ घाला, उरलेलं अन्न तासाभरात काढा नाहीतर पाणी सडेल.

दुसरा रस्ता जुना आहे. रोमन केंक यांनी १९४१ मध्ये अलिंगी किड्याच्या अर्ध्या भागाला लिंगी किड्याचा अर्धा भाग जोडला आणि अलिंगी भागात जननेंद्रियं उगवून दाखवली. पुढे जपानमध्ये कलम करण्याचीही गरज उरली नाही. 'ड्युजेसिया र्युक्युएन्सिस'च्या अलिंगी किड्यांना 'ब्डेलोसेफाला ब्रुनिया' या दुसऱ्या जातीचे लिंगी किडे नुसते खाऊ घातले, आणि खाणारे लिंगी झाले. म्हणजे त्या खाण्यात काहीतरी रासायनिक इशारा आहे.

पण जातीवर्णनासाठी मी आधी गार पाणी आणि धीर हाच मार्ग सांगेन. आणि एक धोक्याची सूचना. अलिंगीतून लिंगी झालेल्या किड्यांत अंडाशय बऱ्याचदा अवाढव्य फुगलेले असतात आणि ते किडे घालतात ते अंड्यांचे कोष पोकळ निघतात. त्या अंडाशयाचं वर्णन 'जातीचं लक्षण' म्हणून लिहू नका.

अनभिज्ञ

अज्ञानी प्रश्न. एवढं सगळं कशाला? डीएनए काढा, जुळवा, वेगळा निघाला तर नवीन. चुकत असेन तर सांगा.

धुकंधुकं

@अनभिज्ञ, प्रश्न अजिबात अज्ञानी नाही, आमच्या गटात याच्यावरून चहाचे कप आदळले आहेत. मी डीएनएच्या बाजूचा, तरी माझीच बाजू उघडी पाडतो.

सगळीकडे चालणारा मानक तुकडा म्हणजे मायटोकॉन्ड्रियातलं सीओआय जनुक. इतर प्राण्यांत ज्या ठरलेल्या प्रायमरने (हवा तो तुकडा पकडून त्याच्या नकला सुरू करणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) तो सहज वर येतो, तेच प्रायमर प्लॅनेरियात अनेकदा रुसतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे बनवावे लागले. वर आतड्यात कालचं जेवण असतं. उपाशी न ठेवता डीएनए काढलात तर नवीन जाती म्हणून खाल्लेल्या जीवाचा अनुक्रम (डीएनएतल्या अक्षरांचा क्रम) हाती येईल.

मोठी अडचण पुढे आहे. जुळवणार कशाशी? जुन्या जातींपैकी कित्येक फक्त कापांवरून वर्णिलेल्या आहेत. त्या काचपट्ट्या संग्रहालयात आहेत, पण ज्या द्रावणात किडे मारले त्यात डीएनएचा चुथडा झालेला असतो. तुमचा अनुक्रम जगातल्या सगळ्या उपलब्ध अनुक्रमांहून वेगळा निघाला, तरी तो पन्नास वर्षांपूर्वी नाव मिळालेल्या जातीचाच असू शकतो.

शिवाय अलिंगी समूहांत एकाच किड्याच्या पेशींमध्ये एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या साठत जातात. पिढ्यान्‌पिढ्या मिसळण नाही, नुसतं तुटणं आणि वाढणं. एका किड्यातच एवढा फरक, तर दोन किड्यांमधल्या फरकाची रेघ कुठे मारायची?

अनभिज्ञ

म्हणजे नियमाने डीएनएवर नाव देता येत नाही?

धुकंधुकं

नियम अडवत नाही. प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता एवढंच मागते की जाती वेगळी ओळखता येईल अशी लक्षणं शब्दांत सांगा. ती लक्षणं डीएनएतली असली तरी चालतात. अडवतात ते लेख तपासणारे, आणि माझ्या मते बरोबर अडवतात. काप, डीएनए आणि जमल्यास गुणसूत्रं, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर कुणी तोंड उघडत नाही.

जुनाट_मायक्रोटोम

गुणसूत्रांचं निघालंच आहे तर. आज पुनर्जननाच्या अनेक प्रयोगशाळांत पाळला जाणारा 'श्मिड्टिया मेडिटेरेनिया' घ्या. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या किड्यांच्या घोळक्यातून मारिओ बेनाझ्झी आणि सहकाऱ्यांनी तो १९७५ मध्ये वेगळा काढला, त्यात गुणसूत्रांचा वाटा मोठा होता. त्याआधी तो घोळक्यातला एक 'प्रकार' होता. आणि 'ड्युजेसिया गोनोसेफाला'? एके काळी युरोपातल्या कुठल्याही ओढ्यातला त्रिकोणी डोक्याचा किडा म्हणजे गोनोसेफाला. पुढे कापाकापी झाली तेव्हा त्या एका नावाखाली बऱ्याच जाती नांदत होत्या असं निघालं.

रिकामटेकडा_निरीक्षक

एक वेडा प्रश्न विचारतो. या किड्याचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याचा किडा होतो. मॉर्गन या प्राणिशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मूळ किड्याच्या दोनशेएकोणऐंशीव्या हिश्श्याएवढ्या तुकड्यातूनही पूर्ण किडा उगवतो असं म्हटलं होतं. मग समजा ओलीमातींनी नमुन्याची शेपटी कापून ठेवली, उरलेला किडा काचपट्टीवर गेला, आणि शेपटीचा नवा किडा झाला. तर जातीचा अधिकृत नमुना मेला की जिवंत आहे?

धुकंधुकं

हाहा. हा प्रश्न वेडा नाही, मी तोंडी परीक्षेत विचारणार आहे.

अधिकृत नमुना, म्हणजे होलोटाइप, हा लेखकाने ठरवून दिलेला एकच नमुना. लेखात जे लिहिलं तो. बावीस काचपट्ट्यांवर पसरलेले काप असं लिहिलं असेल तर बावीस काचपट्ट्या. शेपटीतून उगवलेला किडा त्याचा जुळा. त्याला नमुन्याचा मान नाही, पण त्याच्याकडून हवा तेवढा डीएनए मिळेल.

जुनाट_मायक्रोटोम

यावरून कामाची गोष्ट. डीएनएसाठी शेपटीचं अगदी टोक जिवंतपणीच कापून निखळ अल्कोहोलमध्ये ठेवा आणि मग तोच किडा कापांसाठी वापरा. म्हणजे अनुक्रम आणि अवयव एकाच जिवाचे, पुढे कुणी शंका काढायला नको. कापल्या कापल्या मारू नका, आखडलेला असतो. एखादा दिवस जाऊ द्या.

मारायची रीत एकदा नीट लिहितो, कारण निम्मी वर्णनं इथेच बिघडतात. किडा आठवडाभर उपाशी हवा. महिनाभर नको! फार उपाशी राहिला की तो आकसतो आणि स्वतःचीच जननेंद्रियं जिरवतो, मग तुम्ही पुन्हा कोरे काप मोजत बसाल. काचपट्टीवर पाण्याचा पातळ थर ठेवा आणि त्याला सरपटू द्या. पूर्ण लांब झाला, डोकं पुढे आलं, की ड्रॉपरने एकदम अंगभर द्रावण. घाबरत थेंब थेंब टाकलंत तर वळकटी ठरलेली. जुने लोक स्टाइनमनचं द्रावण वापरत, त्यात पाऱ्याचा क्षार असतो, घरी अजिबात नको. बूएँचं पिवळं द्रावण चालेल, पण त्यात पिक्रिक आम्ल आणि फॉर्मलीन आहे. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक होतं, म्हणून बाटलीच्या तोंडाशी पिवळी खपली साचू देऊ नका. हे सगळं प्रयोगशाळेतच.

ओलीमाती

सगळ्यांचे आभार. जुनाटकाका, पैज तुम्ही जिंकलात. उरलेले एकोणतीस किडे उलटे करून बघितले, एकालाही ठिपका नाही. आजपासून भांडी गार कपाटात, प्रत्येकाला वेगळी वाटी. नाव मात्र मी ठरवून ठेवलंय, आणि ते आहे [मजकूर संपादित]

संपादक

ओलीमाती, तुमचं ठरवलेलं नाव प्रतिसादातून काढलं आहे. कारण खाली धुकंधुकं सांगतीलच.

धुकंधुकं

बरं केलंत. अशा धाग्यात लिहिलेलं नाव संहितेच्या लेखी प्रकाशितच होत नाही, म्हणजे तुमचा हक्क काही लागत नाही. उलट ते चार ठिकाणी फिरतं, कुणीतरी यादीत चढवतो आणि वर्णन नसलेलं उघडंनागडं नाव जन्माला येतं. ते निस्तरायला पुढच्या माणसाचा वेळ जातो.

२००० पासून नवीन जातीच्या लेखात 'ही नवीन आहे' असं स्पष्ट म्हणावं लागतं, होलोटाइप नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात ठेवलाय हे सांगावं लागतं. लेख फक्त ऑनलाइन असेल तर २०१२ च्या दुरुस्तीनुसार प्रसिद्ध होण्याआधी झूबँकवर (प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंद हवी आणि त्या नोंदीचा उल्लेख लेखात हवा. हे राहिलं तर कितीही सुंदर वर्णन असलं तरी नाव लागू होत नाही.

नावाबद्दल: ड्युजेसिया व्याकरणाने स्त्रीलिंगी, तेव्हा विशेषण वापरणार असाल तर तेही स्त्रीलिंगी. स्वतःचं नाव द्यायला बंदी नाही, लोक हसतात एवढंच.

सर्किटबाज

ओबामा नावाचा चपटकृमी आहे ना? राष्ट्राध्यक्षांवरून?

धुकंधुकं

आहे, पण जमिनीवरचा, आणि राष्ट्राध्यक्षांशी संबंध नाही. ब्राझीलच्या तुपी भाषेत 'ओबा' म्हणजे पान आणि 'मा' म्हणजे प्राणी. पानासारखा प्राणी. वंशाचं नाव २०१३ चं.

जागेवरून नाव देण्याआधी मात्र दहादा विचार करा. 'जिरार्डिया सायनेन्सिस' ही जाती चीनमध्ये सापडली आणि २०१५ मध्ये चीनवरूनच तिचं नाव पडलं. जिरार्डिया वंशाचं मूळ घर अमेरिका खंड. किडा माणसाबरोबर तिकडे पोचलेला, पण नाव आता कायमचं चिनी. पाणवनस्पती आणि माशांच्या टाक्यांबरोबर हे जीव कुठून कुठे जातील याचा नेम नाही.

विरामचिन्ह

मग ओलीमातींचा किडाही कुणाच्या तरी माशांच्या टाकीतून ओढ्यात आलेला नसेल कशावरून?

ओलीमाती

@विरामचिन्ह, आज रात्री झोप लागायची नाही. धन्यवाद.

ओलीमाती

(साडेपाच महिन्यांनी धागा वर आणतेय.)

सांगण्यासारखं आहे. एकोणिसाव्या आठवड्यात सात नंबरच्या वाटीतल्या किड्याच्या पोटावर दुसरा ठिपका दिसला. आधी वाटलं हवेचा बुडबुडा. दुसऱ्या दिवशीही तिथेच. आज एकूण तेरा किड्यांना जननछिद्र आहे. अकरा नंबरच्या वाटीत काचेला बारीक देठावर उभा एक गोल कोष आहे, मोहरीएवढा. आला तेव्हा नारिंगी-तपकिरी होता, दोन दिवसांत काळा झाला. फुटला नाही अजून. पोकळ असेल हे माहीत आहे, तरी रोज बघते.

दोन किडे कापले. पहिल्याच्या एकशेबाराव्या कापात ते दिसलं. मधे शंकूसारखा शिश्नाचा अंकुर, त्याच्यातून जाणारी वीर्यनलिका, तिच्या सुरुवातीला पडद्यासारखी घडी, आणि वरून पुढे समागमाच्या पिशवीकडे जाणारा कालवा. निळ्या-लाल रंगात. दीड वर्ष फक्त चित्रांत बघितलेलं. मी प्रयोगशाळेत ओरडले, शेजारच्या टेबलावरच्यांना वाटलं हात कापला.

जुनाट_मायक्रोटोम

वा! वा! आता आनंद बाजूला ठेवून सांगा. वीर्यनलिका अंकुराच्या अगदी टोकाला उघडते की टोकाच्या जरा खाली, पोटाच्या बाजूला? अंकुर दोन्हीकडून सारखा की एका ओठाने मोठा? अंडवाहिन्या कालव्याला समोरासमोर मिळतात की पुढेमागे? या वंशात अर्ध्या जाती याच तीन उत्तरांवर वेगळ्या होतात.

ओलीमाती

अंडवाहिन्या दोन्ही किड्यांत समोरासमोर. नलिकेची मात्र पंचाईत झालीय. पहिल्या किड्यात ती टोकाच्या खाली उघडते, पोटाकडे. दुसऱ्यात चक्क टोकाला. अंकुरही दुसऱ्यात आखूड आणि जाड आहे. दोन जाती तर नाहीत ना एकाच ओढ्यात?

जुनाट_मायक्रोटोम

दुसरा मारताना आखडला होता का? खरं सांगा.

ओलीमाती

...हो. थोडा. ड्रॉपर अर्धाच भरलेला होता.

जुनाट_मायक्रोटोम

झालं तर मग. अंकुर म्हणजे स्नायू. आखडला की आखूड होतो, टोक आत ओढलं जातं आणि खालचं भोक टोकावर आल्यासारखं दिसतं. अशा एकेका आखडलेल्या नमुन्यावर लोकांनी जाती उभ्या केल्या आहेत आणि पुढच्यांनी त्या पाडल्या आहेत. एका किड्यावर काही लिहू नका, दोनावरही नाही. नीट लांब झालेले निदान आणखी चार कापा. त्यातला सगळ्यात स्वच्छ तो होलोटाइप, बाकीचे पॅराटाइप, म्हणजे त्याच्या जोडीचे नमुने. आणि तो दुसरा फेकू नका, तोही संग्रहात द्या, 'आखडलेला' असं लिहून.

धुकंधुकं

शेपट्यांची टोकं माझ्याकडे पाठवा, निखळ अल्कोहोलमध्ये, प्रत्येक नळीवर वाटीचा नंबर. पेनने लिहू नका, अल्कोहोलने पुसतं. पेन्सिलने कागदावर लिहून चिठ्ठी नळीच्या आत.

ओलीमाती

अकरा शिल्लक आहेत. कोषवाली तशीच राहू दे. तीन, सात, चौदा आणि बावीस नंबर आजपासून उपाशी. पुढच्या मंगळवारी ड्रॉपर पूर्ण भरून.